सुईणीनं आणलेला परदेशी

आमचे हेडक्लार्क कधी कोणाला घाबरले असतील, तर एकदाच. लढाईचे दिवस होते आणि परदेशी लोकांची नोंद करायच्या कचेरीत मी कारकून होतो. धरमपेठेतल्या पोलिश डॉक्टरला मुलगा झाला, त्याचा परदेशी म्हणून राहण्याचा परवाना काढायचा होता. पण सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, असं महाल वस्तीतल्या सोनाबाई सुईणीनं बजावलं. सव्वा महिना सरल्यावर डॉक्टर आला, मागोमाग बाळाला घेऊन सोनाबाई.

हेडक्लार्कांनी बाळाचा फॉर्म घेतला. "कोणत्या बोटीनं आला?"

डॉक्टरनं सोनाबाईकडं पाहिलं.

"बरं, देशात कोणी आणलं? रकाना रिकामा राहिला तर परवाना नाही. मग मुलाला इथं राहता येणार नाही."

सोनाबाई म्हणाली, "मी आणलं. लिही."

"तुमच्याजवळ आणायचा कागद आहे काय?"

"काहून? तुले बी मीच आणलं होतं, गा. तुह्या मायनं मले लुगडं नेसवलं. कागद कोनी नाही मांगितला."

हेडक्लार्कांनी मुकाट्यानं तिचं नाव लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाई पुढं सरकवली. पुढचा रकाना होता, मुक्काम किती दिवस. तो त्यांनी तिच्यासमोर वाचलाच नाही.