चालत जाणारी

ताई : खुर्चीत बस आणि मग काय ती लिपस्टिक लाव. बाहेर हॉल भरलाय.

धाकटी : चाकाची खुर्ची नको म्हटलं ना. आज पाय चांगले आहेत. मघाशी जिना माझी मी चढून आले, तू पाहिलंस.

ताई : मी पाहिलं, तसं शेजारणींनीही पाहिलं. एक मला विचारते, बरी दिसते की हो तुमची बहीण, मग आम्हाला कशाला बोलावलंय? काय सांगू तिला?

धाकटी : खरं ते सांग. या आजारात चार दिवस पाय असतात, चार दिवस नसतात. इंजेक्शनांचा कोर्स झाला तर असण्याचे दिवस टिकतील. त्यासाठीच तर हा कार्यक्रम.

ताई : एवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे? खुर्ची दिसली की लोकांना एका नजरेत कळतं.

धाकटी : पुढच्या रांगांमध्ये माझी गिऱ्हाइकं बसलीत. मी त्यांचे केस कापते ताई. मला ढकलत आणलेलं बघितलं तर परत कोण मान देईल माझ्या कात्रीखाली? म्हणतील, हिचा हात चुकून कानावर जायचा. मग इंजेक्शनं घेऊन पार्लर उघडू कुणासाठी?

ताई : आधी इंजेक्शनं घे. मग पार्लरचं बघू.

धाकटी : पडद्यापासून माइकपर्यंत आहेच किती. चालत जाते आणि सांगते, बायांनो, आज उभी आहे, पुढेही उभी राहायचंय, हातभार लावा.

ताई : मागायला चाललीयेस, बक्षीस घ्यायला नाही.

सेक्रेटरी : येऊ का? मॅडम, झाली ना तयारी? म्हणजे काय की, आपल्या मंडळाच्या पोरींचं गाणं चालू झालंय. ते संपलं की माझं भाषण, मग तुम्ही दोघी. आजाराचं नाव मी घेत नाही बरं का. मल्टिपल स्क्ले... जीभच अडकते. ‘नसांचा दुर्धर आजार’ म्हणतो. ‘दुर्धर’ म्हटलं की खिशात हात जातो.

धाकटी : काका, मी चालत आले तर?

सेक्रेटरी : चालत? म्हणजे काय की, पडदा उघडला की मध्ये खुर्ची, मागे ताई, वर लाइट, असं ठरलंय. मागे आम्ही त्या दृष्टी जात चाललेल्या मास्तरांसाठी कार्यक्रम केला होता. ते स्टेजवर आले आणि मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, फार उशीर झाला बुवा. लोक उठून गेले हो.

धाकटी : त्यांना थोडंफार दिसत असेल.

सेक्रेटरी : असेल की. पण देणाऱ्याला थोडंफार पटत नाही. एक तर आंधळा तरी हवा, नाहीतर डोळस तरी. काय मॅडम?

ताई : खुर्चीतच येईल ती. तुम्ही व्हा पुढे.

सेक्रेटरी : मग मी निर्धास्त. दार लोटून घेतो, पोरं डोकावतात.

धाकटी : झालं, तू परस्पर सांगून मोकळी. ताई, पंखा लाव गं जरा.

ताई : बिघडलाय.

धाकटी : आपण आलो तेव्हा फिरत होता.

ताई : तेव्हा फिरत होता. शाल काढू नकोस, फोटोत बरी दिसते.

धाकटी : खिडकी तरी उघड. आणि त्या कोपऱ्यात लाल काय दिसतंय? हीटर आहे तो? कुणी लावला?

ताई : असेल कुणी लावला.

धाकटी : खोलीत आपण दोघीच आहोत. ताई, डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते. नसा म्हणजे वरचं प्लास्टिक सोललेल्या वायरी झाल्यात, अंग तापलं की पायांपर्यंत निरोप जात नाही. म्हणून थंडीतसुद्धा मी गार पाण्याने अंघोळ करते. बादली तू भरतेस.

ताई : गार झालं की पाय परत येतात, हेही तेच डॉक्टर बोलले. घटकाभराचा प्रश्न आहे.

धाकटी : दार उघड.

ताई : ऊठ आणि उघड.

(धाकटी उठते. दोन पावलं टाकते, चाकाच्या खुर्चीचा दांडा धरते आणि तिच्यातच बसते.)

धाकटी : डावा गेला. डोळ्यांपुढेही धुरकट झालंय.

ताई : बरं झालं.

धाकटी : बरं झालं म्हणालीस तू?

ताई : म्हणाले. परत म्हणू? चांगले दिवस आले की तू हसतखेळत गिऱ्हाइकं बोलावतेस. वाईट दिवस सगळे माझे. रात्री संडासला उचलून नेते मी. नोकरी सोडली मी. आणि मागच्या खेपेला लोकांनी पैसे दिले, मग तू बाजारात पिशवी घेऊन हिंडताना दिसलीस, तेव्हा चोर कुणाला म्हणाले? मला. बसस्टॉपवर, चारचौघांत. बहिणीचं नाटक करून खाते म्हणाले. तुला कळू दिलं नाही मी. मला तुझ्या पायांचा राग येतो, समजलं? नसतात तेव्हा येतोच, पण असतात तेव्हा जास्त येतो.

धाकटी : हे आधी बोलली असतीस तर बसले असते गं मी खुर्चीत.

ताई : बसली असतीस?

धाकटी : नाही. नसते बसले.

ताई : मग?

सेक्रेटरी : चला, चला, वेळ झाली. अरे वा, आता कशा बरोबर दिसताय. घामही आलाय, चेहरा पार उतरलाय. म्हणजे काय की, मघाशी मला जरा धाकधूकच होती. तुम्ही बोलायचं मात्र काही नाही. मी बोलतो, तुम्ही नुसते हात जोडा.

धाकटी : पुढच्या रांगेत बायका आहेत का अजून, माझ्या पार्लरच्या?

सेक्रेटरी : सगळ्या आहेत. रुमाल काढूनच बसल्यात. मी पडद्याचं बघतो, तुम्ही या मागोमाग.

ताई : पाय नीट ठेव. थांब, मी ठेवते. शाल पुढे घे. बस सरळ. नाही, सरळ नको, अशीच राहू दे.

धाकटी : ताई.

ताई : काय?

धाकटी : तिथे माझा हात धरू नकोस.

ताई : फोटोपुरता धरावा लागेल. तेवढं सोस.