डाव्या स्क्रीनसमोर

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी दापोलीच्या गाडीची वाट बघत होत्या.

"झारा, नवरा दुबईहून सुट्टीवर आलाय ना? मग एकटीच कशी?"

"रेहान उडतोय, आपा."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर विमान चालवतो. तीन मोठ्या स्क्रीन आणल्यात. एक समोर, दोन बाजूंना तिरक्या. मान वळवली तरी आभाळच दिसायला पाहिजे म्हणे."

"तीन-तीन! मावल्या कुठे?"

"अम्मीने दिलेलं ड्रेसिंग टेबल पडवीत गेलं."

"आरशासकट?"

"आरशासकट. काल नवा ड्रेस घालून मुद्दाम त्याच्या डाव्या स्क्रीनसमोर उभी राहिले. म्हटलं, आता तरी बघेल."

"बघितलं?"

"म्हणाला, 'सरक गो, रनवे दिसत नाही.' मग तासभर मागे स्टुलावर बसून त्याची पाठ बघितली. वाटतं, तिन्ही उचलून मांडवीच्या समुद्रात फेकाव्यात. तुझा उमेर बरा. कतारहून दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतो, तुझ्याकडेच बघत बोलतो."

"बोलतो ना. मोबाईलची काच फुटलीय, मला अर्धाच दिसतो."

"तरी नशीबवान आहेस."

"झारा, खेळताना रेहानला घाम येतो काय ग? सदरा पाठीला चिकटतो?"

"चिकटतो की. पंखा पोचत नाही तिथे. का ग?"

"दोन वर्षांत मी उमेरची पाठ बघितलेली नाही. चल, गप्प पिशवी उचल. गाडी लागली."