मायच्या पायातल्या चपला

काय सांगू तुमाला, मी सानपाड्याची, आगऱ्याची पोर, बाप मिठागरावर राबायचा, आमच्यात पायतान उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाय. म्हंजे पायतान होतं कुनाला म्हना, पन पावना आला तरी बाहेर काढायचा. तर मी लगीन केलं किरिस्तावाशी, तुर्भ्याला खडीच्या खानीवर मिस्त्री होता, बाप बोलायचा बंद झाला, ते जाऊ द्या.

खानीजवळ दोन खोल्या, शेनानं सारवलेल्या. सासू मुंबईची, तिला आमी माय म्हनायचो, ती घरभर चपला घालून फिरायची, पार चुलीपर्यंत. चुलीच्या वर फळीवर माझा देव होता, घरवाल्यानं ठेवू दिला होता, त्याच्यासमोरून फटफट करत जायची. मी सारवायची, ती जायची, मी परत सारवायची, त्यात पोटुशी होते, कंबर मोडायची नुसती. घरवाल्याला सांगितलं तर म्हनायचा, तुमी दोघी बघा.

एक दिस रडूच आलं. बोलले, माय, चुलीपाशी तरी काढ ना गं. ती थांबली. म्हनली, पोरी, मी सायबाच्या बंगल्यात जन्म काढला, सायब बूट घालून पलंगापर्यंत जायचा, त्याची कुत्री आत फिरायची, आन मी मात्र पायतान मागच्या दाराला काढायचं, थंडीत फरशी अनवानी पुसायची. तवाच ठरवलं, माझ्या घरात मी पायतान काढनार नाय. आन तुला अशी अनवानी बघते ना, मला मोलकरीन दिसते गं.

दुसऱ्या दिसापासून ती चुलीकडं आलीच नाय. ओटीवर बसायची, ताट तिथंच न्यायचं. जमीन माझी राहिली सोच्छ, मला पायजे होतं तेच झालं, पन घास काय उतरंना. आठ दिस असेच गेले, आठ दिस. मग मीच देव उचलला, मागच्या पडवीत नेला, आन म्हटलं, माय, आत ये, माझ्यानं भाकऱ्या होत नाय. आली. चपला घालूनच आली. पीठ मळाया बसली.

बाळंतपनात तिनं मला चपला आनल्या, म्हनली, ओल्यात पाय नको ठेवू, घाल. घातल्या. नाय म्हनवलं नाय.

मागल्या साली ती गेली. त्यांच्यात पेटीत ठेवतात, नवं लुगडं नेसवलं, शेजारनी म्हनल्या, चपला राहू दे बाजूला. मी म्हटलं, नाय. मीच बसले, मीच तिच्या पायात घातल्या, पाय सुजलेले, लवकर जात नव्हत्या.

आता मी थकले बगा. सारवनं होत नाय, लेक करते. तिला स्थळं येतात. देवाकडं एवढंच मागते, माझ्या लेकीला मायवानी मनातलं तोंडावर बोलनारी सासू मिळू दे.