आतल्या खोलीतली राणी

मी मूळची केनवडची. लिवा, पन माहं नाव नोका लिवू, तुमच्या कागदावर माहा इश्वास नाई. बापाच्या घरी निंदन म्हना, येचनी म्हना, बायाच्या घोळक्यात हसता हसता दिस जाये. मंग मले रिठदले देल्ली. सासऱ्यानं नवं वावर घेतलं होतं, त्याले आता मोठ्या घरावानी वागाचं होतं, अन् मोठ्या घरची सून वावरात दिसत नाई, म्हून मले आतल्या खोलीत ठेवलं. काय सांगू तुमाले, खिडकी नाई, भरदिवसा दिवा लावा लागे, पानी भराले गडी, बोलाले कोनी नाई. सासू म्हने राणीवानी बसून खाते, आनखी काय पाह्यजे तुले. स्वराज्य आलं म्हनते, आलं असन, त्या खोलीत नाई आलं.

दुसऱ्या वर्षी माहं मनच मेलं. भूक नाई, झोप नाई, येनी घालाले हात उचलेना, रडूही येईना. घरचे म्हने करनी हाये. भगत आनला. त्यानं इचारलं बाहेरचं कोन येते घरात. येत होती एकच, शेजारची पारबताबाई, ताक आने, घटकाभर बोले. भगत म्हने करनी तिचीच, अन् उतारा टाकून गेला. अन् खोटं कायले बोलू, मलेही तसंच वाटलं, तिच्यासमोर तिचं ताक म्या उकिरड्यावर फेकलं. ते लोटा उचलून गेली. मंग तर बोलनारं कोनीच उरलं नाई.

औंदा कापूस फुटला अन् येचाले बाया भेटेना. सासरा म्हने चार दिस सुनेले लावा, तोंडावर पदर घेऊन. उन्हानं डोळे दिपले माहे. कपाशीच्या बाजूच्या ओळीत पारबताबाई. मले वाटलं आता काई टाकते माह्या अंगावर. तर म्हने, अवं राणीसायबा, कापूस येचून राह्यली का बोंडं मोजून राह्यली? साऱ्या बाया हसल्या, माहंही हसू निंगालं. तिसऱ्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या म्या.

घरचे म्हनते भगताचा उतारा लागला. मंग वर्षभर खोलीत काहून नाई लागला?

काल येचनी सरली. सासू म्हने झालं, आता घरात. म्या म्हनलं, उद्या हरबरा सोंगाले जातो, पारबताबाईसंग. रात्री घरात कोनी जेवलं नाई. सासरा हो म्हनला नाई, नाईही म्हनला नाई. तो पाहा, दारातून तुमच्याकडंच पाहून राह्यला, त्याले वाटते तुमीच मले शिकवलं. तुमचं भलं होवो भाऊ, पन आता निंगा. मले इळ्याले धार लावाची हाये.