ऑगस्टमध्ये चंडोल गात नाही

नमस्कार.

शैलाकाकूंना जाऊन आज बारा दिवस झाले. एवढ्या बर्फात गाड्या चालवत तुम्ही सगळे आलात. हॉल भरलाय. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "एवढे लोक बोलावले, आणि चहा कोण करून राहिलं?"

माझ्याआधी पाच जण बोलले. छान बोलले. काकू प्रेमळ होत्या, हसतमुख होत्या, शेवटपर्यंत शांत होत्या. मला तसं बोलता येणार नाही. मला जे बोलायचंय ते कडू आहे आणि ते काकूंबद्दल नाही. लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहू दे.

समीर, तू पहिल्याच रांगेत, आईच्या फोटोसमोर बसलायस. तुला मराठी बोलायला जमत नाही, पण कळतं सगळं. मी सावकाश बोलतो.

मी मंदार. मूळचा पुण्याचा. शिकागोत नवीन आलो तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका ग्रोसरीत काकू काउंटरवर असायच्या. मी दर आठवड्याला ब्रेड, अंडी आणि मॅगी न्यायचो. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मॅगी बाजूला काढून ठेवली आणि म्हणाल्या, "रविवारी घरी ये जेवायला. असं खाऊन मरशील." मी गेलो. दुकानाच्या मागच्या गल्लीतला त्यांचा फ्लॅट. तिथं जमिनीवर एक बुटका, लांबट पिंजरा होता. वर छप्पर होतं पांढऱ्या कापडाचं. आत बसायला काड्या नाहीत, झोका नाही. नुसती वाळू आणि मधोमध एक चपटा दगड. त्या दगडावर एक मातकट रंगाचा पक्षी. मला वाटलं चिमणीच आहे.

मग तो गायला लागला, आणि मी हातातला घास तसाच धरून बसलो.

तो चंडोल होता. काकूंचे वडील अमरावतीकडे चंडोल पाळायचे, पूर्वी. आता तिकडे ते चालत नाही. इथल्या रानातला पक्षी धरून ठेवणं हाही गुन्हाच. काकूंकडे यायचे ते परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले. एक म्हातारा अमेरिकन ते वाढवायचा. जो पक्षी कुणालाच जुमानत नाही, तो काकूंकडे आणून सोडायचा. "शैला, टेल मी व्हॉट ही इज," एवढंच म्हणायचा.

काकू पहिले तीन दिवस काहीच करायच्या नाहीत. पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून मटार सोलायच्या, मेथी निवडायच्या. पक्ष्याकडे थेट बघायच्या नाहीत. डोळ्यांत डोळे घालून बघतो तो खाणारा, असं पक्ष्याला वाटतं म्हणे. आणि कधीही वरून हात न्यायच्या नाहीत. कारण घार वरून येते.

मी विचारायचो, "काकू, कळतं कसं, माणसाळला ते? हातावरचा किडा खाल्ला की?"

"छे. भुकेला पक्षी कोणाच्याही हातून खाते. उपाशी ठेवून माणसाळवतात ते कसाई. तुझ्यासमोर वाळूत लोळला, पंख मोकळे सोडून, तर समज की तुझी भीती गेली."

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. एकदा नाही, तीनचारदा सांगितली होती. चंडोल घाबरला की उडत नाही. जमिनीला पोट लावून दबून बसतो, अजिबात हलत नाही. नवशिक्याला वाटतं, बघा किती शांत झाला. तो शांत नसतो. त्याची वर झेप घ्यायची तयारी चालू असते. आणि चंडोलाची झेप सरळ वर असते, म्हणून छप्पर कापडाचं.

हे मला माहीत होतं. हे मी विसरलो नव्हतो. मला एवढंच सांगायचंय की मला हे माहीत होतं.

गेल्या मे महिन्यात काकूंना कॅन्सर निघाला. केमो सुरू होणार होती आणि डॉक्टर म्हणाले, घरात पक्षी नको, इन्फेक्शन होईल. तेव्हा त्यांच्याकडे एकच चंडोल उरला होता. काकूंनी फोन केले. तुमच्यापैकी कुणाकुणाला केले, ते तुम्हाला आठवत असेल. कुणाला ॲलर्जी होती. कुणी इंडिया ट्रिपला निघालं होतं. कुणाचं कार्पेट नवीन होतं. मी हो म्हणालो. मला वाटलं, मी किती चांगला माणूस आहे.

मी पिंजरा आमच्या सनरूममध्ये ठेवला. पहिला महिना सगळं नीट केलं. जमिनीवर बसून लॅपटॉपवर मीटिंग्ज करायचो. जूनमध्ये तो गायला लागला. मी सात व्हिडिओ काढले. काकूंना एक पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं, "हुशार झालास."

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं.

जुलैच्या शेवटी मी आपल्या मराठी मंडळाच्या लोकांना घरी जेवायला बोलावलं. बुटका पिंजरा जमिनीवर, वर कापड. पाहुण्यांना पक्षी दिसणार कसा? म्हणून मी ऑनलाइन एक उंच पिंजरा मागवला. पितळी तारांचा, घुमटासारखा. डोळ्यांच्या उंचीवर टांगला. केतकी, माझी बायको, म्हणाली, "काकूंना विचारलंस का?" मी म्हणालो, "त्यांना कशाला त्रास द्यायचा."

दोन दिवस तो पक्षी त्या पिंजऱ्याच्या तळाशी दबून बसला होता. हलला नाही. मी सगळ्यांना दाखवत होतो, "बघा, किती माणसाळलाय."

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "हातावर घेऊन दाखव की." मी घुमटाचं वरचं दार उघडलं आणि वरून हात घातला.

पुढचं तुम्ही पाहिलंय. तो सरळ वर उडाला आणि घुमटाच्या तारांवर आपटला. एकदा. परत एकदा. मग खाली पडला.

पंधरा मिनिटांनी आपण जेवायला बसलो. श्रीखंड होतं. कुणीही परत वाढ म्हणायला विसरलं नाही.

आणि जेवतानाच ठरलं. एक जण म्हणाले, "केमो चालू आहे, आत्ता तिला सांगू नका." बरोबर आहे, सगळे म्हणाले. एक बाई म्हणाल्या, "तसाच दुसरा आणून ठेवा, तिला काय कळणार?" मीही मान डोलावली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. कारण आता ते माझं एकट्याचं राहिलं नव्हतं. एकट्या केतकीने त्या संध्याकाळी सांगितलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि सांग. उद्या जड जाईल." मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी जड गेलं. नंतर तर जड वाटेनासंच झालं.

माझ्याकडे जूनचे सहा व्हिडिओ शिल्लक होते. दर आठवड्याला मी एक पाठवत गेलो. ग्रुपवरही टाकायचो. तुम्ही लाल बदामाचे इमोजी पाठवायचात. ज्यांना माहीत होतं, तेसुद्धा. डबे घेऊन काकूंकडे जायचात आणि सांगायचात, "परवाच ऐकला हो मंदारकडे. काय गातो!" आणि काकू म्हणायच्या, "हो का? बरं."

आपल्याला वाटलं, पचलं.

चंडोल ऑगस्टमध्ये पिसं टाकतो. जुनी पिसं गळतात, शेपूट आखूड होते, डोकं विरळ दिसतं. त्या दिवसांत तो गात नाही. तोंड उघडत नाही. हे काकूंना लहानपणापासून माहीत होतं. आणि मी त्यांना ऑगस्टमध्ये पूर्ण शेपटीचा, गळा फुगवून गाणारा चंडोल पाठवत होतो. पहिल्याच व्हिडिओला त्यांना कळलं होतं. तरी दीड महिना त्या तुम्हा सगळ्यांना चहा पाजत राहिल्या आणि कोण कोण खोटं बोलतंय ते ऐकत राहिल्या.

समीर, आता तुझ्याबद्दल.

सप्टेंबरमध्ये तू सिएटलहून आलास. आईनं तुला सांगितलं की माझा पक्षी मेलाय, आणि इथं सगळे मला तो गातोय म्हणून सांगतात. तू मला फोन केलास. तू म्हणालास, "मंदारकाका, मॉम सेज द बर्ड इज डेड. शी इज क्राइंग. इज इट ट्रू?"

मी म्हणालो, "नाही रे. ही इज फाइन. औषधांमुळे होतं असं."

तू आणखी दोघांना विचारलंस. त्यांनीही तेच सांगितलं. ते दोघं इथं बसले आहेत.

मग तू काय करणार होतास? तू डॉक्टरांना सांगितलंस की मॉम इज कन्फ्यूज्ड. त्याच आठवड्यात काकूंनी तुला सांगितलं होतं, आता केमो बस, मला घरी राहायचंय. तुला वाटलं, हे आजार बोलतोय. आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिचं कसं ऐकायचं? त्यानंतर आणखी पाच आठवडे ती ट्रीटमेंट चालली. तू आईला वाचवायचा प्रयत्न करत होतास. त्यात तुझं काही चुकलं नाही. जे चुकलं ते माझ्या फोनवर चुकलं.

मला हे ऑक्टोबरच्या शेवटी कळलं. तोवर डॉक्टरांनीच हात टेकले होते आणि तू काकूंना घरी आणलं होतंस. मी भेटायला गेलो. तू खाली औषधं आणायला गेला होतास. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं,

"किती दिवस दबून बसला होता?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दोन दिवस," मी म्हणालो.

"अन् तुला वाटलं, माणसाळला."

"हो."

"छप्पर?"

"तारेचं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "लगेच मेला का?"

मी म्हणालो, लगेच. ते खरं होतं. मग मी रडायला लागलो. माफ करा म्हणालो, पाय धरले. त्यांनी पाय काढून घेतले.

"माफ-बिफ काही केलं नाही मी तुला. सांगून ठेवते. पक्ष्याचं समजू शकते. हातून होते. माझ्या बाबांच्याही हातून झालं होतं. पण तू माझ्या पोराला सांगितलं की आई येडी झाली. त्यानंतर त्यानं माझं एक अक्षर ऐकलं नाही."

मी म्हणालो, "काकू, समीर वर आला की आत्ताच सांगतो."

"आत्ता नको. आत्ता तो मला हातानं भरवून राहिला. तेवढं तरी नीट होऊ दे. मी गेल्यावर सांग. शोकसभा तर तुम्ही करालच, मंडळवाले. तिथं सगळ्यांसमोर सांग."

"एकट्याला सांगितलं तर नाही चालणार?"

"एकट्याला सांगशील तर गोड करून सांगशील."

मी म्हणालो, मला जमणार नाही. काकू म्हणाल्या, "मग येऊ नको."

एवढंच. त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी आणलेला शिरा तिथंच ठेवून निघालो. परत त्यांनी मला बोलावलं नाही. जिवंतपणी ती आमची शेवटची भेट.

तर मी आलोय. प्रेमळ, हसतमुख, शांत, हे सगळं त्या असतील. पण आपल्याशी त्या शेवटी प्रेमानं वागत नव्हत्या. त्या आपल्याला बघत होत्या, आणि त्यांना जे दिसलं ते त्यांना आवडलं नव्हतं. तुम्ही कुणीही आज घरी जाऊन असं म्हणू नका की काकू काही न कळता गेल्या. त्यांना सगळं कळत होतं.

समीर, युअर मदर वॉज नॉट कन्फ्यूज्ड. तुझी आई पूर्ण शुद्धीवर होती. या गावात त्या दिवसांत खरं बोलणारी ती एकटी होती. तिनं घरी यायचं म्हटलं तेव्हा ती विचार करून म्हणाली होती. तू मला काय बोलशील ते मी ऐकून घेईन. कधीही, कितीही वेळ.

आता अध्यक्षांनी मला सांगितलंय की शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायची विनंती करा. मी ती सगळ्यांना करत नाही. जुलैतल्या त्या दुपारी जे माझ्या घरी जेवायला होते, आणि ज्यांनी नंतर काकूंना सांगितलं की तो गातोय, फक्त त्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी बसून काकूंना आठवावं. समीर, तू मागे वळून बघ. घाई नाही, एकेक चेहरा बघ.

मी उभाच आहे.

काकू, नमस्कार करतो.