टेबलावरचं यंत्र

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या मास्तरीणबाईंनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान मात्र शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते.

"घरातलं बोलणं टेप करायला कोण कशाला देईल गं यंत्र?"

"विद्यापीठातली मुलगी आहे, ताई. घरची माणसं जेवताना कशी बोलतात, त्याचा अभ्यास करते."

"अभ्यास कसला! पलीकडे कुणीतरी कान लावून बसलं असेल."

"ह्यांनाही तस्संच वाटतं. पंधरा दिवसांत ताट आपटलं नाही की आवाज चढवला नाही."

"मुदत संपली ना? मग देऊन टाक परत."

"हरवलं म्हणून कळवलंय."

"अगं बाई! मग आहे कुठं?"

"टेबलावरच. ह्यांच्या ताटासमोर."