शेठचं निकेल, माझी खडी

मी दस्तगीर मिस्त्री, वरकुट्याचा. दुसरीतनं शाळा सोडली आन बापाबरोबर थापी धरली. निमगाव केतकीतली कितीतरी दुकानं माझ्या हातची, आन शेतातली ही हीर बी मीच बांधली, काय सांगू तुमाला, काय पानी होतं.

मग वढ्याच्या वरल्या अंगाला शेठचा कारखाना आला, नळाच्या तोट्यांना निकेलची चकाकी चढवायचा. त्याचं पानी वढ्यात, वढ्याचं माझ्या हिरीत, शेळ्या गाभडायला लागल्या. ग्रामसभेत बोललो तर शेठ सगळ्यांदेखत म्हनतो, मिस्त्री, तुमचंच शिमिट हिरीत उतरलं आसंल. मानसं हसली. कोन कोन हसलं ते ध्यानात हाय माझ्या. प्रदूषणवाला सायब तपासायला आला की शेठ कारखान्याचं पानी बंद करायचा, मग बाटलीत काय घावनार.

बारामतीच्या कालेजात रसायन शिकवनाऱ्या बाई हायत, त्यांच्याकडं गेलो. त्या म्हनल्या, चाचा, जुनं काँक्रीट बारीक फोडा, त्यातनं वढ्याचं पानी सोडा, निकेल त्यात अडकून ऱ्हातं. रस्ता रुंद करताना पाडलेल्या दुकानांचा राडारोडा पडलावता, माझ्याच हातचा स्लॅब, घनाला दाद देईना, तेवढं बरं वाटलं. टाकी भरली, पानी सोडलं, बाईंनी तपासलं, निकेल जसंच्या तसं. चाचा, केलं काय तुमी? म्हनलं, गवंडी हाय मी, खडी चार पान्यानं धुतली, भुकटीचा कन ठिवला न्हाय. बाईंनी कपाळाला हात लावला, म्हनल्या, निकेल धरती ती भुकटीच, तुमी औषद सांडलं आन बाटली ठिवली. जलमभर खडी धुवा म्हनून गड्यांना शिव्या दिल्या, आता तशीच टाकायची तर हात धजंना. टाकली, आन निकेल अडकलं.

कारखान्याचा नळ वढ्यात सुटतो, तिथं त्या खडीचं एक पिंप नळाच्या वर ठिवलं, एक खाली. तीन म्हैन्यांनी सायबाला म्हनलं, पानी वाहून जातं सायब, ही खडी कुठं जात न्हाय, हिला तपासा. वरची कोरी, खालची निकेलनं भरल्याली. गेटाला सील.

परवा शेठ दारात. चाचा, पानी साफ केल्याबिगर सील निघत न्हाय, मला बी तसली टाकी बांधून द्या. आता चाचा. म्हनलं, बांधतो, फुकट बांधतो, पन साफ झाल्यालं पानी वढ्याला न्हाय, तुझ्या घरच्या टाकीत सोडायचं, भाकरी त्याच पान्यात मळायची. उठून गेला.

बाई म्हनत्यात, चाचा, सोडा आता. हीर अजून निवळली न्हाय, मी कसा सोडू? अल्ला त्याला शंभर वर्सं जगवो, आन रोज तहान लागू दे.